उजवीकडून अंक खोडत जा: मूळ संख्यांचं एक कोडं छोट्या प्रोग्रामने कसं सोडवायचं

कोडं असं आहे. एक मूळ संख्या घ्या, म्हणजे १ हून मोठी अशी संख्या, जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच पूर्ण भाग जात नाही. तिचा उजवीकडचा शेवटचा अंक खोडा. जे उरेल तेही मूळच असायला हवं. पुन्हा शेवटचा अंक खोडा, पुन्हा मूळच. एकच अंक उरेपर्यंत असं चालत राहिलं पाहिजे. उदाहरणार्थ ७३९ घ्या. ७३९ मूळ, ७३ मूळ, ७ मूळ. म्हणजे ही संख्या पास. आता दोन प्रश्न: अशा एकूण संख्या किती, आणि त्यांतली सर्वांत मोठी कोणती?

मी गोव्यातल्या साखळीत शाळा-कॉलेजच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो आणि नवशिक्यांना पहिलं खरं कोडं म्हणून बहुतेक वेळा हेच देतो. आपल्याकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. मूळ संख्या त्यांना दोन्हीकडे भेटते, पण पाढ्यांपलीकडे तिच्याशी खेळायची वेळ फारशी येत नाही. या कोड्यात ती येते. प्रोग्राम वीस ओळींच्या आसपासचा आहे, सातवी-आठवीचं गणित पुरतं, आणि शेवटी जे उत्तर मिळतं ते अंदाजाने नाही, खात्रीने मिळतं.

हा लेख अगदी नवीन माणसासाठी आहे. पायथन (आपण प्रोग्राम लिहिणार ती भाषा) कधी उघडलंच नसेल तरी क्रमाने करत गेलात तर जमेल.

काय काय लागेल

- कोरा कागद आणि पेन. हे सगळ्यांत आधी.
- कॉम्प्युटर किंवा अँड्रॉइड फोन. जुना असला तरी चालेल.
- पायथन ३. कॉम्प्युटरवर अधिकृत संकेतस्थळावरून फुकट मिळतं, त्याच्यासोबत लिहिण्या-चालवण्यासाठी आयडल नावाची खिडकी येते. विंडोजवर बसवताना पहिल्याच पानावर खाली ‘पाथ’मध्ये जोडण्याची चौकट दिसली, तर तिच्यावर टिचकी मारायला विसरू नका.
- फोन असेल तर पायड्रॉइड ३ हे ॲप. एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतल्या भागात राहणाऱ्यांना मी हेच सुचवतो.
- विभाज्यतेच्या कसोट्या आठवत असाव्यात: २, ३, ५ आणि ११ च्या. नसतील तर भाचरांच्या पुस्तकातून एकदा वाचून घ्या.

पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून फाइलला आधी नाव देऊन सेव्ह करा आणि मगच लिहायला लागा.

१. आधी कागद

कोडं ऐकल्याबरोबर बहुतेक जण कीबोर्डकडे धावतात आणि ‘१ पासून १० कोटींपर्यंत प्रत्येक संख्या तपास’ असा प्रोग्राम लिहितात. तो फार हळू चालतो. पण हळू चालणं हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा की कुठे थांबायचं हेच त्याला ठाऊक नसतं. १० कोटींपर्यंत पाहिलं, पुढे काय? ११ कोटींच्या पलीकडे एखादी संख्या लपून बसली असेल तर? कितीही पुढे गेलात तरी ‘हीच सर्वांत मोठी’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणून कागद घ्या आणि कोडं उलटं वाचा. शेवटी एकच अंक उरतो आणि तो मूळ असतो. एक अंकी मूळ संख्या चारच: २, ३, ५, ७. म्हणजे आपल्या प्रत्येक संख्येची सुरुवात या चारांपैकी एकाने झालीच पाहिजे. आता प्रत्येकीच्या उजवीकडे एक अंक जोडून पाहा. सम अंक जोडला तर संख्या २ ने भागली जाते, ५ जोडला तर ५ ने, ० जोडला तर दोन्हींनी. जोडण्याजोगे अंक उरले चार: १, ३, ७, ९.

माझी भाची आठवीत असताना तिने हे वहीच्या मधल्या पानावर आडवं मांडलं होतं. डावीकडे २, त्यातून चार रेघा, रेघांच्या टोकांना २१, २३, २७, २९. तिने २१ आणि २७ वर काट मारली, खाली ३ च्या रांगेत ३३ आणि ३९ वर, ५ च्या रांगेत ५१ आणि ५७ वर. ७ च्या रांगेत ७७ एकटाच गेला. मग थांबून म्हणाली, “मामा, जे कटलं त्याच्या पुढे काही लिहायचंच नाही ना?” तिचं हे वाक्य म्हणजे आपला सगळा प्रोग्राम. २१ मूळ नाही, तर २१ ने सुरू होणारी कुठलीही संख्या या कोड्यात बसणार नाही, मग ती शंभर अंकी का असेना. एका काटेसरशी अख्खी फांदी जाते.

दुसऱ्या पायरीला उरल्या नऊ संख्या: २३, २९, ३१, ३७, ५३, ५९, ७१, ७३, ७९. तुम्हीही एवढं हाताने करा. तिसरी पायरी जमली तर उत्तम. ती १४ संख्यांची आहे, आणि पुढे प्रोग्राम बरोबर चालतोय का हे पाहायला हाच कागद उपयोगी पडतो.

२. ‘मूळ आहे का?’ विचारणारं फंक्शन

एक गोष्ट आधी सांगतो. पायथनचे ठरलेले शब्द इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात: फंक्शन (नाव दिलेला, पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा) सुरू करायला डेफ, अट घालायला इफ, फेऱ्या मारायला व्हाइल आणि फॉर, उत्तर परत द्यायला रिटर्न, पडद्यावर दाखवायला प्रिंट. इथे मी ओळी मराठीत मांडल्या आहेत. एकेक ओळ वाचून, समजून तिची पायथन ओळ तुम्ही स्वतः लिहा. नुसती नक्कल उतरवून घेतली की पुढे अडल्यावर काहीच सुचत नाही, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे.

फंक्शन: मूळ_आहे_का (न)
  न जर २ पेक्षा लहान असेल, तर ‘नाही’ परत दे
  न जर २ असेल, तर ‘हो’ परत दे
  न ला २ ने भागून बाकी ० येत असेल, तर ‘नाही’ परत दे
  भ = ३
  जोपर्यंत भ × भ हा न पेक्षा लहान किंवा न एवढा आहे, तोपर्यंत:
    न ला भ ने भागून बाकी ० येत असेल, तर ‘नाही’ परत दे
    भ मध्ये २ मिळव
  ‘हो’ परत दे

बाकी काढायला पायथनमध्ये टक्क्याचं चिन्ह वापरतात. ‘हो’ आणि ‘नाही’साठी ट्रू आणि फॉल्स, दोन्हींचं पहिलं अक्षर मोठं.

भ × भ वरच का थांबायचं? संख्या जर दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर दोन्ही अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. लहान अवयव वर्गमुळाच्या आत सापडला नाही तर तो नाहीच. नऊ अंकी ७३ कोटींच्या घरातली संख्या तपासायची असली तरी भागायला साधारण २७ हजारांपर्यंतच जावं लागतं, तेही फक्त विषम संख्यांनी. काही जण वर्गमूळ काढणारं तयार फंक्शन वापरतात. लहान संख्यांना ते चालतं, पण खूप मोठ्या संख्यांना दशांशातली गोळाबेरीज दगा देते. भ × भ हा पूर्णांकांचा हिशेब आहे, तो कधी चुकत नाही.

३. हे फंक्शन एकट्याने तपासा

मुख्य प्रोग्राम लिहिण्याआधी या फंक्शनची परीक्षा घ्या. पाठ्यपुस्तकातल्या संख्या घेण्यापेक्षा मी गोव्यातल्या घेतो, लक्षात राहतात.

पिनकोड घ्या. पणजीचा ४०३००१ टाका: उत्तर ‘हो’ यायला हवं, ती मूळ संख्या आहे. मडगावचा ४०३६०१ मूळ नाही, तो ११ × ३६६९१. म्हापशाचा ४०३५०७ म्हणजे १३ × ३१०३९, तोही गेला. फोंड्याच्या ४०३४०१ चे अंक मिळवा, बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जातो. सालंही बघा. गोवा मुक्त झाला ते १९६१ साल मूळ नाही, ते ३७ × ५३ आहे. घटक राज्याचा दर्जा मिळाला ते १९८७ मात्र मूळ आहे. १९६१ चांगली कसोटी आहे, कारण तिला २, ३, ५, ७, ११ कशानेच भाग जात नाही, आणि घाईने लिहिलेलं फंक्शन तिथे फसतं.

याखेरीज ०, १, २, ९, २५ आणि ४९ टाकून पाहा. यांतली फक्त २ मूळ. १ ला ‘हो’ आलं किंवा ९ ला ‘हो’ आलं तर पुढे जाऊ नका, आधी ते दुरुस्त करा. ९ वरची ही चूक किती लबाड आहे ते खाली पाचव्या टप्प्यात सांगतो.

पणजीचा पिनकोड मूळ आहे, पण आपल्या कोड्यात तो बसत नाही हेही पाहून ठेवा. शेवटचा अंक खोडला की ४०३०० उरतात.

४. शोधू नका, वाढवा

आता कागदावर केलं तेच मशीनला सांगायचं.

यादी = [२, ३, ५, ७]
एकूण = ०
जोपर्यंत यादी रिकामी नाही, तोपर्यंत:
  यादीत किती संख्या आहेत ते छाप, आणि यादीही छाप
  एकूण मध्ये यादीची लांबी मिळव
  नवी = रिकामी यादी
  यादीतल्या प्रत्येक न साठी:
    १, ३, ७, ९ यांतल्या प्रत्येक अ साठी:
      म = न × १० + अ
      मूळ_आहे_का (म) ‘हो’ म्हणत असेल, तर म ला नवी मध्ये घाल
  यादी = नवी
एकूण छाप

यादीची लांबी म्हणजे लेन, यादीत घालणं म्हणजे अपेंड. ‘न × १० + अ’ ही ओळ उजवीकडे अंक जोडते: २३ × १० + ९ = २३९.

‘यादी = नवी’ ही ओळ कुठे आहे ते नीट बघा. ती दोन्ही फॉरच्या बाहेर आहे, पण व्हाइलच्या आत. ओळींचे गट दाखवायला पायथनला कंस-बिंस लागत नाहीत, ओळ डावीकडून किती आत आहे यावरूनच ती कोणाच्या पोटात आहे हे ठरतं. फोनवर टाइप करताना ती एक पायरी बाहेर गेली की यादी कधी रिकामीच होत नाही आणि प्रोग्राम थांबतच नाही.

५. चालवा आणि ताळा करा

चालवल्याबरोबर क्षणात उत्तर येईल. प्रत्येक फेरीत किती संख्या मिळाल्या ते असं दिसायला हवं:

१ अंकी: ४
२ अंकी: ९
३ अंकी: १४
४ अंकी: १६
५ अंकी: १५
६ अंकी: १२
७ अंकी: ८
८ अंकी: ५

एकूण ८३. आठ अंकी पाच संख्या अशा: २३३९९३३९, २९३९९९९९, ३७३३७९९९, ५९३९३३३९, ७३९३९१३३. सर्वांत मोठी शेवटची. खोडून पाहा: ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. सगळ्या मूळ.

हीच सर्वांत मोठी असं आता खात्रीने म्हणता येतं, कारण नऊ अंकी यादी रिकामी आली. पाच आठ अंकी संख्यांना चार-चार अंक जोडून झालेले २० उमेदवार, आणि वीसही संयुक्त निघाले. दहा अंकी एखादी असती तर तिचे पहिले नऊ अंक या यादीत असायलाच हवे होते. आणि सगळा शोध किती तपासण्यांत संपला? ८३ संख्या, प्रत्येकीमागे चार उमेदवार, म्हणजे ३३२. त्या दहा कोटींच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

आता त्या ९ च्या चुकीकडे येऊ. समजा दुसऱ्या टप्प्यात ‘लहान किंवा तेवढा’च्या जागी तुम्ही नुसतं ‘लहान’ लिहिलंत. मग फंक्शन ९, २५, ४९, १२१, १६९ या सगळ्यांना मूळ म्हणतं. फंक्शन सरळसरळ चुकलेलं आहे. तरी कोड्याचं उत्तर ८३ च येतं! नशिबाने नव्हे. विषम संख्यांचे वर्ग लिहून त्यांचे शेवटचे दोन अंक पाहा: ०९, २५, ४९, ८१, १२१, १६९, २२५, २८९, ३६१. दशकाचा अंक दर वेळी सम. हे नेहमीच खरं असतं. आपल्या उमेदवारांत दशकाच्या जागी मात्र १, ३, ५, ७, ९ पैकीच अंक असतो. अपवाद फक्त २१, २३, २७, २९, आणि त्यांत वर्गसंख्या नाही. म्हणजे आपल्या झाडावर वर्गसंख्या कधी उगवतच नाही, आणि ती चूक पकडली जायची जागाच नाही. तेच फंक्शन उद्या दुसऱ्या कोड्यात वापरलंत की मग डोकं धरून बसावं लागतं. बरोबर उत्तर आलं म्हणून फंक्शन बरोबर आहे असं समजू नका, तिसरा टप्पा टाळू नका, असं मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याचं कारण हे.

६. झाड आठ अंकांवर का वाळतं

हा टप्पा वगळला तरी कोडं सुटलेलं आहे. पण मला स्वतःला या कोड्यातला सगळ्यांत आवडणारा भाग हाच.

वरचे आकडे पुन्हा वाचा: ४, ९, १४, १६, मग १५, १२, ८, ५, ०. आधी वाढ, मग ओहोटी. संख्या मोठ्या होत जातात तशा मूळ संख्या विरळ होतात. किती विरळ, याचा ढोबळ नियम आहे: संख्या जितकी अंकी असेल त्याला २.३ ने गुणा, साधारण तितक्यांत एक मूळ संख्या सापडते. चार अंकींच्या वरच्या टोकाला ९ मागे एक, आठ अंकींच्या टोकाला १८ मागे एक. आपण एक अंक जोडतो तेव्हा दहा संख्यांचा एक तुकडा चाळत असतो. चार अंकींपर्यंत दहाच्या तुकड्यात सरासरी एकाहून थोडी जास्त मूळ संख्या मिळते, म्हणून यादी वाढते. पाच अंकींपासून सरासरी एकाहून कमी, म्हणून यादी आटत जाते. १६ वर शिखर येण्याचं कारण हे आहे.

मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात या प्रश्नाने आपल्याच मातीतल्या एका मोठ्या माणसाला ओढून घेतलं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबे इथे जन्मले. इतिहासकार म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण पेशाने ते गणिती होते, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत संख्याशास्त्राच्या वाटेने ते मूळ संख्यांच्या वाटणीवर काम करत होते. गोव्यातल्या मुलांना त्यांचं नाव सांगताना हा भागही सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गंमत ३ च्या कसोटीत आहे. आठ अंकी पाच संख्यांकडे पाहा, ३ आणि ९ यांची केवढी गर्दी! २ ने सुरू केलंत तर अंकांच्या बेरजेला ३ ने भागून बाकी २ येते. तिच्यात १ किंवा ७ मिळवला की बेरीज ३ ने भागली जाते, फांदी मेली. ३ आणि ९ मिळवल्याने बाकी बदलत नाही. म्हणजे २ ने सुरू झालेल्या संख्येत पुढे फक्त ३ आणि ९ च येऊ शकतात, शेवटपर्यंत. ५ चंही तसंच. ७ ची बाकी १, तिला १ किंवा ७ एकदाच परवडतो. तो आला की बाकी २ होते आणि पुढे पुन्हा ३ आणि ९ च. ७३९३९१३३ मधला तो एकुलता १ दिसला? ३ ची बाकी ०, म्हणून तिला १ किंवा ७ दोनदा चालतात, आणि पहिला तर लगेच दुसऱ्या जागी यावाच लागतो. ३७३३७९९९ मध्ये ते दोन ७ आहेत.

हा नियम ताळ्यालाही वापरा. छापलेल्या ८३ संख्यांपैकी २ किंवा ५ ने सुरू होणारी एखादी संख्या पुढे १ किंवा ७ दाखवत असेल, तर फंक्शनमध्ये नक्की गडबड आहे.

७. हमखास अडकायच्या जागा

उत्तर १९७९३३९३३९ असं दहा अंकी आलं तर समजा यादीत १ घुसला आहे. १ ही मूळ संख्या नाही. पहिल्या यादीत तो लिहिला असेल तर काढून टाका.

देवनागरी अंक. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि प्रोग्रामच्या ओळीत ४ किंवा ७ असा मराठी अंक टाइप झाला, तर पायथन ‘अवैध अक्षर’ अशा अर्थाची चूक दाखवून थांबतं. या लेखातले अंक मराठी आहेत, तुम्ही मात्र टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा. नावांचं तसं नाही. ‘यादी’, ‘नवी’, ‘मूळ_आहे_का’ अशी देवनागरी नावं पायथन ३ आनंदाने स्वीकारतं, आणि नवशिक्याने ती वापरावीत असं माझं मत आहे. ठरलेला शब्द कुठला आणि आपण दिलेलं नाव कुठलं, हे एका नजरेत कळतं. नावात मोकळी जागा मात्र चालत नाही, तिथे खालची रेघ द्या.

इनपुटने विचारून घेतलेली संख्या मजकूर म्हणून येते. तिला इंट या फंक्शनमधून काढल्याशिवाय भागाकार होणार नाही. इथे मात्र ‘४०३००१’ असं देवनागरीत टाइप केलेलंही इंट बरोबर ओळखतं, करून पाहा.

एक ‘=’ म्हणजे ‘ही किंमत ठेव’, दोन ‘==’ म्हणजे ‘सारखे आहेत का’. अटीत दोन लागतात.

प्रोग्राम थांबतच नसेल, तर बहुधा ‘भ मध्ये २ मिळव’ ही ओळ राहून गेली आहे किंवा ‘यादी = नवी’ विसरली आहे. कंट्रोल दाबून सी दाबा, प्रोग्राम थांबतो. पायड्रॉइडमध्ये थांबवण्याचं बटण आहे.

८. हे जमलं तर डावीकडून

आता उलट करा: अंक डावीकडून खोडायचे. ९१३७ मूळ, १३७ मूळ, ३७ मूळ, ७ मूळ. संख्येत ० कुठेही असता कामा नये हा यातला नियम, नाहीतर खोडताना पुढे शून्य उरून घोळ होतो. वाढवण्याची ओळ बदलेल: नवा अंक १ ते ९ पैकी कुठलाही, आणि तो पुढे लावायचा, म्हणजे अंक × १० चा योग्य घात + न. तो घात दर फेरीला दहापट होतो. व्हाइलच्या आत, पण फॉरच्या बाहेर, त्याला १० ने गुणत जा.

इथे झाड केवढं तरी मोठं होतं. एकूण ४,२६० संख्या, आणि सर्वांत मोठी २४ अंकी: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. पायथनला एवढ्या मोठ्या संख्यांचं ओझं होत नाही, पण आपल्या भागत बसणाऱ्या फंक्शनला होतं. या एका संख्येचं वर्गमूळ ६० हजार कोटींच्या जवळपास आहे. निम्म्या, म्हणजे फक्त विषम संख्यांनी भागायचं म्हटलं तरी ३० हजार कोटी भागाकार, आणि असे उमेदवार पुष्कळ.

त्यासाठी मिलर–राबिन चाचणी शिका. ती संख्येचे अवयव शोधत नाही. काही ठरावीक पाये घेऊन त्यांचे मोठे घात काढते आणि संख्येने भागल्यावर बाकी कशी येते ते तपासते. पायथनमधलं पाव हे फंक्शन तीन संख्या दिल्या की घात आणि बाकी एकदमच काढतं, म्हणून ही चाचणी पंधरा ओळींत बसते. साधारणपणे तिचं ‘मूळ आहे’ हे उत्तर ‘बहुधा’ असतं, पण २ पासून ४१ पर्यंतच्या पहिल्या १३ मूळ संख्या पाये म्हणून घेतल्या, तर ३.३ गुणिले १० चा २४ वा घात इथपर्यंत ती एकदाही चुकत नाही हे सिद्ध झालेलं आहे. आपली २४ अंकी संख्या त्या मर्यादेच्या आत आहे. १२ पाये घेतलेत तर मर्यादा सुमारे ३.१८ गुणिले १० चा २३ वा घात एवढीच राहते, आणि आपली संख्या ३.५७ ने सुरू होते, म्हणून तेरावा पाया ४१ गाळू नका.

नवी चाचणी लिहून झाली की ती थेट डावीकडच्या झाडावर लावू नका. आधी जुन्या आणि नव्या फंक्शनला १ ते १ लाखापर्यंतच्या सगळ्या संख्या द्या आणि दोघांची उत्तरं जिथे वेगळी येतील ती संख्या छापायला सांगा. काहीच छापलं गेलं नाही, की मग झाड वाढवायला घ्या. पहिल्या फेरीत ४ आणि दुसऱ्या फेरीत ११ संख्या यायला हव्यात: १३, १७, २३, ३७, ४३, ४७, ५३, ६७, ७३, ८३, ९७.